पाणी वायू का नाही?

दशलक्षण पर्व संपले की क्षमावाणीच्या दिवशी सर सकाळीच एक कागद घेऊन बसतात. वर्षभरात ज्यांना ज्यांना शब्दाने दुखावले असेल त्यांची नावे त्यावर उतरवायची आणि मग एकेकाच्या घरी जाऊन, नाहीतर फोनवर, क्षमा मागायची, ही त्यांची निवृत्तीनंतरची रीत. धाकटा भाऊ, भाजीवाला, मंदिराच्या समितीतील एखादा सदस्य, अशी ती यादी असते. अलीकडे एका वर्षी त्या यादीत एक असे नाव आले, जे तेथे 40 वर्षांपूर्वीच यायला हवे होते. नाव एका विद्यार्थ्याचे होते आणि अपराध रसायनशास्त्राच्या तासाला घडलेला होता.

1984 साल. सांगली जिल्ह्याच्या पूर्व भागातील, पावसाने बहुधा पाठच फिरवलेल्या एका गावची शाळा. सर नुकतेच बी.एस्सी., बी.एड. होऊन रुजू झालेले. नववीच्या वर्गात पदार्थाच्या तीन अवस्था चालू होत्या. फळ्यावर स्थायू, द्रव, वायू अशी तीन शीर्षके आणि त्यांखाली ठिपक्यांच्या तीन आकृत्या: दाटीवाटीने बसलेले ठिपके, थोडे सैलावलेले ठिपके, विखुरलेले ठिपके. तास रंगावा म्हणून सरांनी पुस्तकाबाहेरचे एक वाक्य पदरचे घातले. हलके रेणू चटकन उडून जातात, जड रेणू खाली बसून राहतात, असे ते वाक्य. ऐकायला सोपे आणि जेमतेम अर्धे खरे.

तिसऱ्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. एरवी न बोलणारा, शेतकऱ्याच्या घरचा. म्हणाला, “सर, ऑक्सिजनचा रेणुभार 32, कार्बन डायऑक्साइडचा 44. पाण्याचा 18. मग पाणी त्यांच्याआधी उडून जायला पाहिजे. ते घागरीत कसं राहतं?”

सरांजवळ उत्तर नव्हते. नवा शिक्षक आणि साठ मुलांचे डोळे. त्या क्षणी जे सुचू नये ते सुचले. “घागरीचं राहू दे, तूच वाफ होऊन उडून जाशील. बस खाली.” वर्ग खदखदून हसला. मुलगा बसला. दहावी होईपर्यंत शाळेत त्याला सगळे ‘वाफ’ म्हणूनच हाक मारीत, आणि त्याने पुन्हा कधी, कोणत्याही तासाला, हात वर केला नाही.

या प्रसंगातील खरा बोचरा भाग वेगळाच आहे. सरांना उत्तर येत होते. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला हायड्रोजन बंधावर त्यांनी पाच गुणांची टीप लिहिली होती आणि तिला साडेचार मिळाले होते. ती टीप त्यांच्या डोक्यात होती. पण तिच्यावर ‘परीक्षेसाठी’ असा शिक्का होता. घागरीतल्या पाण्याशी, चौदा वर्षांच्या पोराच्या शंकेशी तिचा काही संबंध आहे हे त्यांना ओळखूच आले नाही. आपल्याकडचे विज्ञानशिक्षण पुष्कळदा असे होते हे कबूल करायला हरकत नसावी. उत्तरे पाठ असतात. त्यांचा प्रश्न समोर येऊन उभा राहिला तर तो मात्र परका वाटतो.

प्रश्न परत आला तो नातीच्या तोंडून. ती अकरावी विज्ञानाला. एका संध्याकाळी आजोबांना मोठ्याने वाचून दाखवीत ती एक तक्ता पाठ करीत होती. आवर्त सारणीत ऑक्सिजनच्या खाली जी मूलद्रव्ये आहेत त्यांची हायड्रोजनशी होणारी संयुगे आणि त्यांचे उत्कलनांक. हायड्रोजन टेल्युराइड, रेणुभार 130, उणे 2 अंश सेल्सिअस. हायड्रोजन सेलेनाइड, 81, उणे 41. हायड्रोजन सल्फाइड, 34, उणे 60. रेणू हलका होत जातो तसा पदार्थ अधिकाधिक थंडीतच उकळू लागतो. “आणि आता पाणी,” नात म्हणाली. “आमच्या मॅडम म्हणाल्या, ह्यानं रांगेतल्या इतरांसारखं वागायचं ठरवलं असतं तर ते उणे 80च्या आसपास उकळलं असतं. पण ते उकळतं 100 अंशांना.”

सरांनी पुस्तक हातात घेतले आणि बराच वेळ परत दिले नाही. रेणुभार 18 असलेले पाणी वायू का नाही? तिसऱ्या बाकावरून उठलेला तोच प्रश्न इथे तक्त्याच्या रूपात मांडलेला होता. वेंडेल लॅटिमर आणि वर्थ रोडबुश या दोन अमेरिकी रसायनशास्त्रज्ञांनी त्याचे उत्तर 1920 साली छापून प्रसिद्ध केले होते. म्हणजे त्या तासाच्या 64 वर्षे आधी.

उत्तर असे. पाण्याच्या रेणूत एका ऑक्सिजनला दोन हायड्रोजन चिकटलेले असतात, पण इलेक्ट्रॉनांची वाटणी समान नसते. ऑक्सिजन त्यांना आपल्याकडे जास्त ओढून घेतो. त्यामुळे त्याच्या बाजूला किंचित ऋण प्रभार येतो आणि हायड्रोजनांच्या बाजूला किंचित धन. शिवाय रेणू सरळ नसून मधोमध वाकलेला असतो, म्हणून हे दोन्ही प्रभार एकमेकांना पुसून टाकीत नाहीत. मग एका रेणूचा हायड्रोजन शेजारच्या रेणूच्या ऑक्सिजनकडे ओढला जातो. हाच हायड्रोजन बंध. प्रत्येक रेणू आपल्या आसपासच्या चार रेणूंशी अशा रीतीने गुंतू शकतो. गंधकाला इलेक्ट्रॉनांची एवढी ओढ नसते; म्हणून हायड्रोजन सल्फाइडचा रेणू पाण्याच्या जवळजवळ दुप्पट वजनाचा असूनही त्याला कोणी धरून ठेवीत नाही आणि तो वायू होऊन फिरतो. रेणूचे वजन एकीकडे आणि रेणूंची एकमेकांवरची पकड दुसरीकडे. पदार्थ कोणत्या अवस्थेत राहील हे ठरवताना सरांनी 1984 साली फक्त पहिली बाजू सांगितली होती.

ही पकड फार मजबूत असते असे मात्र समजू नये. रेणूच्या आतला ऑक्सिजन-हायड्रोजन बंध तोडायला जेवढी ऊर्जा लागते, तिच्या साधारण विसाव्या भागात दोन रेणूंमधला हा धागा सुटतो. द्रवरूप पाण्यात तो सारखा सुटतच असतो. एकेक धागा टिकतो तो सेकंदाच्या अब्जांशाच्या हजाराव्या हिश्शाएवढ्या काळापुरता. एक सुटला की दुसरा जुळतो. पाणी वाहते ते या सततच्या सुटण्यामुळे आणि घागरीत राहते ते सततच्या जुळण्यामुळे.

सरांच्या घरी पिण्याचे पाणी गाळून मग उकळून ठेवण्याची पद्धत आहे. हे काम पत्नीकडे असे. त्या आठवड्यात सर आपण होऊन चुलीपाशी उभे राहू लागले. प्रथम पातेल्याच्या तळाशी बारीक बुडबुडे धरतात. ती पाण्यात विरघळलेली हवा. मग मोठे, उसळणारे बुडबुडे येतात. त्यांत काय असते, असे वर्गात विचारले की ‘हवा’ किंवा ‘हायड्रोजन आणि ऑक्सिजन’ अशी उत्तरे हमखास येत, आणि नोकरीची पहिली काही वर्षे खुद्द सरही या बाबतीत घोटाळत. त्यांत असते निव्वळ पाण्याची वाफ. रेणू अखंडच राहतो, फक्त शेजाऱ्यांपासून सुटतो. एक ग्रॅम पाणी शून्यापासून 100 अंशांपर्यंत तापवायला 100 कॅलरी पुरतात. त्याच एक ग्रॅमची 100 अंशांवरच वाफ करायला आणखी 540 लागतात. तापमापीचा पारा तेवढा वेळ तसूभरही वर चढत नाही. ही सगळी उष्णता केवळ धागे सोडवण्यात जाते. “अहो, उकळी येऊन किती वेळ झाला, गॅस जातोय,” असे पत्नींनी दोनदा सांगितले तेव्हा कुठे सरांनी शेगडी बंद केली.

वाचनाच्या ओघात त्यांना योहानेस व्हॅन डर वाल्स भेटले. रेणूंमधल्या दुबळ्या आकर्षणांना आज ज्यांचे नाव आहे ते हे गृहस्थ. हॉलंडमधील लायडन गावच्या सुताराच्या घरी 1837 साली जन्मले. लॅटिन आणि ग्रीक येत नसल्यामुळे विद्यापीठाच्या परीक्षांना बसण्याची त्यांना मुभा नव्हती, म्हणून शाळेत मास्तरकी करीत ते शिकत राहिले. पुढे नियम शिथिल झाला आणि 1873 साली त्यांनी प्रबंध सादर केला: वायू आणि द्रव या दोन तुटक गोष्टी नसून एकाच पदार्थाच्या सलग अवस्था आहेत; रेणूंना स्वतःचा आकार असतो आणि ते एकमेकांना ओढतात. 1910 साली भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. शाळामास्तर म्हणून सरांना त्यांच्याविषयी अभिमान वाटला आणि लगोलग शरमही वाटली.

आणखी एक गोष्ट इथेच सांगितली पाहिजे. सर स्वाध्याय मंडळात जातात. आचार्य उमास्वामींच्या तत्त्वार्थसूत्राचा पाचवा अध्याय पुद्गलाविषयी बोलतो आणि परमाणूंचा परस्पर बंध स्निग्धता व रूक्षता या गुणांमुळे होतो असे सांगतो; हे गुण अगदी किमान असतील तर बंध होत नाही, असेही सांगतो. मंडळात कोणीतरी उत्साहाने म्हणाले, “म्हणजे सर, धन आणि ऋण प्रभार आपल्याकडे आधीच माहीत होते.” सरांनी मान डोलावली नाही. इतक्या प्राचीन काळी ‘दोन कण एकत्र का येतात?’ हा प्रश्न विचारला गेला आणि त्याचे कारण कणांच्या गुणांतच शोधले गेले, याचा आदर पुरेसा आहे; प्रयोगशाळेने मोजलेले आकडे त्याच्या तोंडी घालण्याचे कारण नाही, असे त्यांनी सांगितले. त्या दिवशी चर्चा थोडी थंडावली.

क्षमावाणीच्या यादीत त्या विद्यार्थ्याचे नाव लिहिले गेले ते नातीच्या तक्त्यानंतरच्या भाद्रपदात. पत्ता मात्र नव्हता. तो मिळेपर्यंत दिवाळी गेली, थंडी गेली. दुसऱ्या एका माजी विद्यार्थ्याकडून कळले की तो द्राक्षबागायतदार आहे आणि कवठेमहांकाळच्या बाजूला त्याचे बेदाण्याचे शेड आहे. मार्चमध्ये, हंगाम ऐन भरात असताना, सर बसने तिकडे गेले.

माळावर चारी बाजूंनी उघडे शेड. वर पत्रा, आत एकावर एक जाळ्यांचे थर, त्यांवर पसरलेली हिरवी-पिवळी द्राक्षे आणि त्यांतून आरपार वाहणारा कोरडा वारा. एका बाजूला मोठ्या टाकीत द्राक्षांच्या जाळ्या बुडवून काढीत होते. पन्नाशी ओलांडलेला, डोक्यावर टॉवेल गुंडाळलेला एक माणूस पुढे आला आणि सरांना ओळखताच वाकून पाया पडला.

“तुम्ही बरे आहात ना?” सर म्हणाले.

“सर, मला तुम्ही काय म्हणता? तूच म्हणा.”

सर खाटेवर बसले, पाणी प्यायले आणि उशीर न करता बोलले. नववीत तू मला एक प्रश्न विचारला होतास, मी उत्तर देण्याऐवजी तुझी थट्टा केली, त्याबद्दल मला क्षमा कर. असे सरळ, दोन वाक्यांत. आणि मग तो प्रश्न त्यांनी जसाच्या तसा पुन्हा सांगितला.

तो माणूस गोंधळला. प्रश्न त्याला आठवतच नव्हता. “असं मी विचारलं होतं?” त्याने दोनदा विचारले. मग जमिनीकडे बघत म्हणाला, “वाफ तेवढं आठवतं, सर. माझ्या लग्नात एकानं मांडवातच त्या नावानं हाक मारली. सासरच्यांना वाटलं, घराण्याचं नाव आहे.” तो हसला. सरांना हसता आले नाही. 40 वर्षे त्यांनी प्रश्न आणि हशा दोन्ही सांभाळून ठेवले होते. ज्याचा प्रश्न होता त्याच्याजवळ फक्त हशा उरला होता.

मग सरांनी उत्तर सांगितले. खिशातला कागद काढून, वाकलेल्या रेणूचे चित्र काढून, पातेले आणि 540 कॅलरीसकट. तो लक्षपूर्वक ऐकत होता. मध्येच म्हणाला, “पण इथं 100 अंश कुठं आहेत? ऊन तापलं तर 40. तरी पंधरा दिवसांत चार किलो द्राक्षाचा एक किलो बेदाणा होतो. पाणी जातंच की.” हा आक्षेप रास्त होता. सर म्हणाले, सगळ्या रेणूंचा वेग सारखा नसतो. 40 अंशांनाही काही रेणू इतके वेगवान असतात की पृष्ठभागावरचे धागे तोडून निसटतात. जे निसटतात ते उष्णता घेऊन जातात, मागे राहिलेले गार होतात. मातीच्या माठातले पाणी गार राहते ते त्यामुळेच. उकळताना हे पाण्याच्या पोटात, सगळीकडे घडते. इथे फक्त वरच्या थरात, सावकाश.

“म्हणजे आमचं सगळं पीक त्या धाग्यांवरच,” तो म्हणाला आणि टाकीकडे बघत गप्प झाला. मग जरा चाचरत, अगदी तिसऱ्या बाकावरच्या आवाजात, त्याने विचारले, “मग सर, एक सांगा. तेल आणि पाण्याचं जमत नाही म्हणतात. आम्ही 100 लिटर पाण्यात साधारण अडीच किलो पोटॅशियम कार्बोनेट आणि दीड लिटर डिपिंग ऑइल घालतो. त्यात बुडवल्याशिवाय द्राक्ष लवकर वाळतच नाही. पाणी बाहेर काढायला तेल कशाला? 20 वर्षं लावतोय, कुणाला विचारलं नाही.”

शेडमध्ये बायका जाळ्या हलवीत होत्या. सरांनी थोडा वेळ विचार केला. “मला ठाऊक नाही,” ते म्हणाले. “आठ दिवस दे. वाचून सांगतो.”

परतताना त्यांनी न बुडवलेल्या द्राक्षांचा एक घड मागून घेतला. घरी टेबलावर ठेवून तो भिंगातून पाहिला. द्राक्षावर पांढरट पूड असते, बोटाने पुसली की जाते, ते मेण. या मेणाच्या अतिसूक्ष्म पापुद्र्यांचा थर सालीवर एकमेकांवर चढलेल्या कौलांसारखा बसलेला असतो. मेणाचे रेणू म्हणजे कार्बनच्या लांबलचक साखळ्या. त्यांच्यात पाण्यासारखे धन-ऋण टोक जवळजवळ नसतेच, मग ते एकमेकांना धरून कसे राहतात? याचे उत्तर फ्रिट्झ लंडन यांनी 1930 साली दिले. रेणूतील इलेक्ट्रॉन क्षणभर एका बाजूला सरकतात, त्यामुळे क्षणभर एक बाजू ऋण होते, शेजारच्या रेणूतही तसाच पडसाद उमटतो आणि दोघांत पुसटशी ओढ निर्माण होते. एकेका ठिकाणची ओढ नगण्य. पण साखळी लांब असेल तर अशी अनेक ठिकाणे मिळून रेणू घट्ट बसतात. म्हणून मेण स्थायू असते. या मेणाला पाण्याच्या रेणूंना धरायला काहीच नसते, त्यामुळे पाणी त्यातून फार कष्टाने बाहेर पडते. वेलीवर असताना द्राक्ष कोरड्या वाऱ्यातही टवटवीत राहते ते याच पांघरुणामुळे.

डिपिंग ऑइलमध्ये मुख्यतः इथिल ओलिएट असते. त्याचीही एक लांब कार्बन-साखळी, 18 कार्बनांची. मेणाशी तिचे चांगले जमते, कारण दोघांमधली ओढ एकाच जातीची. ती पापुद्र्यांच्या मध्ये शिरते, त्यांची घट्ट रचना सैल करते आणि पाण्याला वाट मिळते. पोटॅशियम कार्बोनेट अल्कधर्मी असल्यामुळे तेलातील व मेणातील स्निग्धाम्लांचा साबण करते, तेल पाण्यात बारीक थेंबांनी पसरून राहते आणि द्राक्षाला सगळीकडून लागते. तेलाचा पाण्याशी इथे थेट व्यवहार नाहीच. त्याचा व्यवहार दारावर बसलेल्या मेणाशी आहे.

आठव्या दिवशी सरांनी फोन लावला. हे सगळे सांगायला पाऊण तास लागला. पलीकडून मधूनमधून ‘हां’ येत होते, एकदोनदा “थांबा, परत सांगा,” आणि कौलांची उपमा ऐकल्यावर, “म्हणजे आपण कौलं सरकवतो.” मग त्याने विचारले, “आणि सर, काल ढग होते, हवा कोंदट. अशा दिवशी माल वाळत नाही, काळा पडायची भीती. तेल तर लावलेलं असतं. दार उघडं असून पाणी का जात नाही?”

“हे मला येतं,” सर म्हणाले आणि स्वतःच्याच आवाजातल्या आनंदाने थोडे ओशाळले. “पाणी जातं, पण परतही येतं. दमट हवेत आधीच वाफेचे रेणू दाटलेले असतात. द्राक्षातून जितके बाहेर पडतात, जवळजवळ तितकेच येऊन परत चिकटतात. बाहेर पडलेल्यांना कुणीतरी तिथून लांब न्यायला हवं.”

पलीकडे काही क्षण काहीच ऐकू आले नाही. “सर, एक मिनिट हं,” तो म्हणाला. मग फोनपासून दूर, मोठ्याने हाक मारलेली ऐकू आली, “पश्चिमेकडचे पडदे वर करा रे, वारं सुटलंय!” सर फोन कानाला लावून थांबले.